पाणी शिंपडणारा हात

कार्यक्रमाआधी कलाकारांच्या काय काय तऱ्हा असतात, हे आयोजकांना पाठ असतं. कुणाला कोमट पाणी लागतं, कुणाला एकांत लागतो, कुणाला नुसतंच ओरडायला हाताशी माणूस लागतं. टकूला इस्त्री लागायची. इस्त्री, एक जाड टॉवेल आणि टेबल. आयोजक बिचारे म्हणायचे, "बाई, कपडे आम्ही करून आणतो की!" त्यावर ही म्हणायची, "कपडे नाही हो, हात." मग तो टॉवेल इस्त्रीखाली चांगला तापवायचा, त्यात दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत गुंडाळायचे आणि डोळे मिटून बसायचं. बाहेर हजारभर माणसं खोकून घेतायत, वाद्यवृंद सूर लावतोय, आणि ही इथे निवांत. एकदा एका पोरसवदा पत्रकाराने विचारलं, "भीती वाटत नाही?" ती म्हणाली, "भीती कसली? मला येतं ना!" आता असं कुणीही म्हणेल. पण नंतर पियानोवर बसून ते खरंही करून दाखवायला लागतं, आणि ती दाखवायची.

टकू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी टेबल म्हणू नका, ताट म्हणू नका, बाबांची पाठ म्हणू नका, जे समोर येईल त्यावर बोटं वाजवत बसायची म्हणून ती टकटक, आणि टकटकचं झालं टकू. पुढे मोठमोठ्या सभागृहांबाहेर तिचं लांबलचक नाव दिव्यांत झळकायला लागलं, पण आईच्या लेखी ती शेवटपर्यंत टकूच.

घर म्हणजे लाँड्रीच होती. पुढे दुकान, मागे खोली, मध्ये एक पडदा. बाबा कपडे धुवायचे, आई इस्त्री करायची. पियानो त्यांनी घेतला नव्हता हो, तो दुकानाबरोबर गळ्यात पडला होता. आधी त्या जागेत नाचाचा क्लास होता. क्लास उठला, मधल्या काळात घरमालकाने दार अरुंद करून घेतलं, आणि पियानो आतच अडकला. भिंत पाडल्याशिवाय तो बाहेर निघायचा नाही. बाबा म्हणाले, "राहू दे, आपलं काय खातोय?" आईने त्याच्यावर एक चादर घातली आणि घड्या केलेले कपडे ठेवायला सुरुवात केली. चादरीखाली हात घालून टकू वाजवायची. सहा वर्षांची होती तेव्हा.

आईचं इस्त्रीचं टेबल त्या पियानोला अगदी खेटून. कपडा पसरायचा, वाडग्यातलं पाणी बोटांनी शिंपडायचं, वर ती जड इस्त्री फिरवायची, की भस्सकन वाफ. दिवसभर हेच. त्या वाफेने पियानोचं लाकूड फुगलं आणि मधली एक पट्टी अडकायला लागली. अशी तशी नाही, ऐन मधली, जिच्यावाचून कुठलंच गाणं पुढे जात नाही. दाबली की वाजायची, पण वर यायचं नाव नाही, तशीच खाली रुतून बसायची. दुसऱ्यांदा दाबायला काही उरायचंच नाही. मोठं माणूस असतं तर कटकट करून सोडून दिलं असतं. पोर कशाला सोडतेय! तिने आपला मार्ग काढला. पट्टी वाजवली, की लगेच अंगठ्याचं नख तिच्या ओठाखाली, म्हणजे पुढच्या कडेखाली, घालायचं आणि मनगटाला हलका झटका देऊन तिला वर उडवायची. हे सगळं तालात, गाणं न मोडता. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी वाजवता वाजवता मधूनच पाणी शिंपडतेय. आई इकडे शिंपडायची, लेक तिकडे. बाबा हसायचे आणि म्हणायचे, "कामाला लागली गं पोरगी तुझी!"

मास्तरीणबाई भेटल्या त्या कपड्यांमुळेच. संगीतशाळेत शिकवायच्या, कडक कॉलरचे पांढरे ब्लाउज घालायच्या आणि ते आईकडेच टाकायच्या. एकदा ब्लाउज व्हायचा होता म्हणून थांबल्या, तर पडद्याआडून वाजवणं ऐकू आलं.

"आत कोण आहे?"

"पोरगी आहे माझी," आई म्हणाली. "त्रास होतोय का? गप्प बसवते."

"खबरदार गप्प बसवलंत तर!" मास्तरीणबाई म्हणाल्या आणि पडदा सारून सरळ आत घुसल्या.

तेव्हापासून टकू त्यांची झाली. शाळेतल्या चांगल्या पियानोवर आठवड्यातून दोन तास शिकायचं आणि घरी येऊन त्या रुतणाऱ्या पट्टीवर सराव करायचा. मास्तरीणबाईंच्या लक्षात तो झटका आला होता. त्यांनी टोकलं, तर टकू म्हणाली, "आमची पट्टी अडकते." मास्तरीणबाई म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं!" आता इथे अंगण खरोखरच वाकडं होतं. पण मास्तरीणबाईंनी तो पियानो कधी स्वतः वाजवून बघितला नव्हता, आणि टकू उलट बोलणाऱ्यातली नव्हती. म्हणजे तेव्हा नव्हती. पुढे झाली ती चांगलीच.

चौदाव्या वर्षी ती मोठ्या स्पर्धेला बसली. त्या दिवशी लाँड्री बंद राहिली. आईने ठेवणीतले कपडे काढले, बाबांनी दाढी केली, आणि दोघं परीक्षकांच्या बरोबर मागच्या रांगेत जाऊन बसले. स्टेजवरचा पियानो देखणा होता. पट्ट्या अशा, की हलकं दाबलं तरी खाली आणि सोडलं की वर. टकू छान वाजवत होती. आणि मग ती पट्टी आली. अंगठा आपणहून गेला खाली. न अडकलेली पट्टी त्याने उडवली, ठेका चुकला, पुन्हा ती पट्टी आली, पुन्हा तेच. तिचं तिला कळत होतं, पण हात ऐकेना. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

परीक्षकांमधली एक बाई शेजारच्याकडे वाकून म्हणाली, "ही मुलगी पियानो वाजवतेय की कपड्यांवर पाणी शिंपडतेय?" शेजारचा फिसकन हसला. त्या बाईला ही मुलगी कुणाची, काही ठाऊक नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण मागच्या रांगेत आई बसली होती, आणि तिच्या बोटांना अजून पाण्याचा आणि निळीचा वास होता.

बक्षीस मिळालं नाही, ते जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टकू उठली तर इस्त्रीचं टेबल पियानोपासून हललेलं. आईने ते ओढत नेऊन पार पुढे, दाराच्या तोंडाशी, भर उन्हात लावलं होतं. बाबा म्हणाले, "अगं भाजशील तिथे!" आई म्हणाली, "भाजू दे. माझ्या वाफेने पोरीचा हात बिघडला." त्या परीक्षक बाईचं बोलणं बाबांनीच मग टकूला हळूच सांगितलं. त्या उन्हातच आईने पुढची सगळी वर्षं इस्त्री केली.

पट्टी सुकायला एक उन्हाळा लागला. हात सुधारायला त्याहून कितीतरी जास्त. पट्टी सुकायच्या आधीच मास्तरीणबाईंनी दुकानात येऊन ती एकदा स्वतः दाबून बघितली, आणि "मी गाढव आहे" एवढंच म्हणाल्या. मग टकूच्या मनगटावर खोडरबर ठेवून वाजवायला लावायच्या. झटका दिला की रबर पडायचं. पडलं की पहिल्यापासून. ते रबर पडायचं थांबेपर्यंत टकूने दात ओठ खाल्ले, रडली, पियानोला लाथा घातल्या. पण थांबलं ते थांबलं. हातातून ती खोड मुळासकट उपटून टाकली म्हणा ना.

पुढचं सगळं जगाला माहीत आहे, निदान पियानो ऐकणाऱ्या जगाला. आधी ती नाचाच्या तालमींना वाजवायची, गाणाऱ्यांच्या मागे वाजवायची. मग एका वाद्यवृंदाला एक नवी रचना बसवायची होती. इतकी अवघड, इतकी आडमुठी, की नावाजलेल्यांनी कानाला खडा लावला होता. टकू म्हणाली, "बघू तरी." बघितली, शिकली आणि अशी वाजवली की रचनाकार स्वतः उभा राहून म्हणाला, "हे मी लिहिलंय?" तिथून गाडी सुटली ती सुटलीच. देश बघितले, विमानतळ बघितले, चांगले पियानो बघितले आणि रद्दड पियानोही बघितले. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "माझ्या सामानात जागा नाही." मजेत होती. उगाच कुणी कीव करायला जाऊ नये.

एकच गोष्ट तिच्या मनाला डाचत होती. आई तिच्या कार्यक्रमाला कधी आली नाही.

बाबा यायचे, असेपर्यंत. मास्तरीणबाई यायच्या. आईसाठी दर वेळी डावीकडची, जिथून हात दिसतात अशी खुर्ची राखून ठेवलेली असायची आणि दर वेळी ती रिकामी राहायची. "कपडे पडलेत गं," आई म्हणायची. सभागृह दुकानापासून चालत जाण्याइतकं जवळ, पण कपडे पडलेले असायचेच. टकूला खरं कारण माहीत होतं. आईला वाटायचं, आपण समोर दिसलो की पोरीच्या हाताला ते जुनं आठवेल. टकूला या गोष्टीचा राग यायचा. अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय आणि हिची नजर त्या एका रिकाम्या खुर्चीवर! मग त्या रागाचीच लाज वाटायची, कारण उन्हात उभी राहून भाजलेली तीच होती.

आई ऐंशीला आली. उजवा कान गेलाच होता. डावा तपासून डॉक्टरांनी टकूला बाजूला घेऊन सांगितलं, "हाही फार दिवस साथ द्यायचा नाही." म्हणजे आता नाही तर कधीच नाही. आई बहिरी झाल्यावर सभागृहात आणून काय उपयोग? टकूने त्याच महिन्यात गावातल्या त्या सभागृहात दोन दिवसांचा कार्यक्रम ठरवला. आणि या खेपेला विनवण्या केल्या नाहीत. सरळ मार्गाने आईला कुणी जिंकलं नव्हतं, तेव्हा तिने डाव टाकला.

कार्यक्रमाचा तिचा काळा झगा बारीक चुण्यांचा होता. त्या चुण्या जगात एकाच बाईला नीट बसवता यायच्या. टकूने तो झगा सकाळी दुकानात टाकला आणि संध्याकाळी सभागृहातून फोन केला.

"आई, झगा तिथेच राहिला गं!"

"काय?"

"झगा! झगा राहिला!"

"तू आणि झगा विसरलीस? कार्यक्रमाचा?"

"वय झालं माझं."

"तुझं वय झालं तर मी काय भूत आहे?" आई म्हणाली आणि फोन आपटला. पण थोड्या वेळाने हँगरला झगा अडकवून, तो जमिनीला लागू नये म्हणून हात वर धरून, ती मागच्या दाराने हजर झाली. ठेवणीतले कपडे घालून आली होती, हे टकूने बघून ठेवलं.

"डाव कळतो मला," आई म्हणाली. "मी तुझी आई आहे. आता आलेच आहे तर दारापाशी उभी राहून ऐकते जरा."

"दारापाशी उभं राहू देत नाहीत."

"कोण नाही देत?"

"नियम आहे," टकूने ठोकून दिलं. मग आई नाइलाजाने, तोंडाने पुटपुटत, डावीकडच्या त्या खुर्चीवर जाऊन बसली. टकूने पडद्याच्या फटीतून बघितलं. खुर्ची भरलेली होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा, हातांवरचा टॉवेल सोडून तिने तो पुन्हा तापवून घेतला. भीती म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं.

त्या दिवशी हवा कोंदट होती. त्यात सभागृहाचं गारवा देणारं यंत्र सकाळीच बंद पडलेलं, आणि वर माणसं खच्चून भरलेली. भिंतींना घाम फुटला होता. पियानो जुळवणाऱ्या काकांनी दोनदा येऊन पट्ट्या तपासल्या, मान हलवली, पुन्हा तपासल्या.

तीन भागांची रचना होती. पहिला भाग जोरकस, वाद्यवृंदाशी हातघाईचा. तो झकास झाला. दुसरा भाग संथ. तिथे वाद्यवृंद जवळजवळ गप्प असतो आणि पियानो एकटा, एकेक सूर सावकाश मांडत जातो. त्या सुरावटीत एक सूर लागोपाठ तीनदा येतो. टकूने पहिल्यांदा तो वाजवला. पट्टी खाली गेली आणि वर आलीच नाही.

गोष्ट रचायचीच असती तर तीच जुनी पट्टी अडकली असती. तसं काही नव्हतं. ही वेगळी होती, चार घरं पलीकडची. पण अडकायची तऱ्हा अगदी तीच, फुगलेल्या लाकडाची.

अशा वेळी थांबता येतं. त्यात कमीपणा नाही. वाजवणारा हात वर करतो, काका येतात, पट्टी मोकळी करतात, सगळे पहिल्यापासून सुरू करतात. पण तो भाग मोडला की मोडला, त्याचं मन पुन्हा जुळत नाही. आणि थांबायचं नसेल तर दुसरा उपाय एकच होता. तो तिच्या हाताला माहीत होता. तो करायचा म्हणजे आईच्या डोळ्यांदेखत, हात दिसतील अशा खुर्चीसमोर, पुन्हा तोच झटका द्यायचा, ज्याच्यापायी आई इतकी वर्षं आली नव्हती. आज कशीबशी आली, आणि आजच! हे सगळं विचारांनी ठरवायला वेळच नव्हता. दुसरा सूर आलाच होता.

अंगठा गेला. नख ओठाखाली, मनगट हललं, पट्टी वर. दुसरा सूर वाजला. पुन्हा झटका. तिसरा वाजला.

उपटून टाकलेली खोड कुठे जात नसते. रबर ठेवून ठेवून दाबली होती, ती अशी आली धावून, सख्ख्या बहिणीसारखी. आणि एकदा आल्यावर टकूने तिला लपवलं नाही. तो अख्खा संथ भाग तिने तसाच वाजवला, उघड्या हाताने, तालात, एकही सूर न गाळता. काठीवाला संचालक आधी डोळे फाडून बघत राहिला, मग त्याने वाद्यवृंदाला तिच्या मनगटाबरोबर श्वास घ्यायला लावलं. तो भाग त्या सभागृहात इतका सुंदर आधी कधी झाला नव्हता, असं जुने ऐकणारे सांगतात. सांगू देत, खरंच आहे ते.

भाग संपला. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात. सगळे गप्प. टकूला डावीकडे बघायचा धीर होईना. आणि त्या शांततेत एक खणखणीत आवाज आला. बहिऱ्या माणसाला आपण कुजबुजतोय असंच वाटत असतं.

"बघितलंत का?" आई शेजारच्या माणसाला सांगत होती. "पाणी शिंपडत होती! माझ्याकडे बघून शिकली ती. लाँड्री आहे आमची!"

अख्खं सभागृह हसलं. वाद्यवृंद हसला. काठीवाल्याने काठी खाली ठेवून रुमाल काढला. टकूने वळून बघितलं, तर आई ताठ बसली होती, हनुवटी वर करून, आणि उजवा हात हवेत झटकून त्या शेजाऱ्याला कसं शिंपडायचं ते दाखवत होती. टकूला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने दोन्ही हात मांडीवर पुसले, संचालकाकडे बघून मान हलवली, आणि तिसऱ्या भागाला अशी भिडली की बास.

नंतर आतल्या खोलीत फुलं होती, माणसं होती, गडबड होती. त्या गर्दीतून वाट काढत आई आली. आल्या आल्या तिने लेकीचा उजवा हात धरला. अंगठ्याचं नख मुळापर्यंत तुटलं होतं, कडेला रक्त सुकलं होतं. आईने मग इस्त्री लावली, टॉवेल तापवला आणि दोन्ही हात त्यात गुंडाळले. घडी अशी, की एक सुरकुती नाही.

"ती परीक्षक बाई आज असायला हवी होती," टकू म्हणाली.

"काय?"

"ती बाई! स्पर्धेतली!"

"बरोबरच बोलली होती की ती," आई म्हणाली. "शिंपडतच होतीस. मीच वेडी, कुणी शिवी दिल्यासारखं ते इतकी वर्षं मनाला लावून बसले."

तेवढ्यात पियानो जुळवणारे काका धापा टाकत आले. चेहरा पार उतरलेला. "माफ करा बाई. हवेने लाकूड फुगलं. उद्याच्या प्रयोगाआधी ती पट्टी घासून अगदी मोकळी करतो."

टकू तोंड उघडणार, त्याआधीच आई त्यांच्याकडे वळली.

"कशाला घासताय? असू द्या तशीच. उद्याही मी येणार आहे."